आणखी अर्धा पीळ

गाडीबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, तिच्यात चाक बदलण्याचं एक चित्र असतं. चित्रात एक गाडी, एक माणूस आणि आजूबाजूला शुकशुकाट. हे चित्र काढणारा कधी महाराष्ट्रात आला नसावा. आपल्याकडे गाडी कडेला घेऊन डिकी उघडली, की जॅक बाहेर यायच्या आत समिती भरते. एक निवृत्त काका, एक रिक्षावाले, दूध घालून परतणारा एक मोटारसायकलवाला, आणि एक इसम असा, की तो कुठून आला हे शेवटपर्यंत कळत नाही, पण सूचना सगळ्यांत जास्त त्याच्याच असतात. जॅक कुठे लावायचा यावर समितीत मतभेद होतात. दगड पुढच्या चाकाला लावायचा की मागच्या, यावर दोन तट पडतात. हँडब्रेकवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न निघाला की प्रत्येकाला आपापल्या मेहुण्याची गाडी कुठल्या उतारावरून घसरली होती ते आठवतं. एकमत होतं ते अगदी शेवटी, चाक बसल्यावर. "नट घट्ट आवळा हं!" असं सगळे एका सुरात म्हणतात आणि पांगतात.

किती घट्ट, ते कुणी सांगत नाही. विचारायचंही नसतं. मीठ किती घालायचं, हे आजीला विचारलं तर ती निदान "चवीपुरतं" तरी म्हणते. इथे तेवढंही नाही.

म्हणजे घट्टपणाला आपल्याकडे पायऱ्याच नाहीत असं मात्र नव्हे. पहिली पायरी हाताची. दात-ओठ खाऊन पाना ओढायचा. दुसरी पायाची. पान्याच्या दांड्यावर पाय ठेवून अंगचा सगळा भार टाकायचा. तिसरी पायरी म्हणजे त्याच दांड्यावर उभं राहून दोन-तीन हलक्या उड्या. चौथी पाइपची. दांड्यावर लांबलचक लोखंडी पाइप चढवायचा आणि दोघांनी मिळून लोंबकळायचं. पायरी कुठलीही असो, शेवटी नटातून 'कर्र' असा आवाज येतो आणि आवळणाऱ्याच्या चेहऱ्यावर तृप्ती पसरते. काम झालेलं असतं. पण पाना खाली ठेवता ठेवता तो थबकतो, नटाकडे बघतो आणि म्हणतो, "आणखी अर्धा पीळ घेतो."

या अर्ध्या पिळाची गरज नटाला नसते. ती आवळणाऱ्याला असते. चारचौघांसमोर चाक बदलताना माणसाच्या मनगटाची परीक्षा चाललेली असते, आणि परीक्षेत कमी मार्कांपेक्षा जास्त बरे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

पुस्तिकेत मात्र त्या शुकशुकाटाच्या चित्राखाली बारीक अक्षरात एक आकडा असतो. टोयोटाच्या बऱ्याच मोटारींना १०३ न्यूटन-मीटर, होंडाच्या बऱ्याच मोटारींना १०८. बहुतेक प्रवासी मोटारींचा आकडा ८० ते १४० च्या दरम्यान कुठेतरी असतो. आता १०३ हा आकडा आपल्या पचनी पडत नाही, हे कबूल. आहेराच्या पाकिटात १०१ असते तर समजलं असतं. १०३ म्हणजे देणाऱ्याचा मोजताना काहीतरी घोटाळा झालाय. खरी गोष्ट अशी, की जपानी इंजिनिअरनं मूळ हिशेब किलोत केला होता. एक मीटर लांब दांडा, त्याच्या टोकाला साडेदहा किलोचा भार. पुढे जगानं न्यूटन पत्करल्यावर त्या साडेदहाचे १०३ झाले. शकुनाचा एक रुपया त्यात कुणी घातलेला नाही.

साडेदहा किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण डिकीत जो 'एल' पाना असतो, तो मीटरभर नसतो, जेमतेम पंचवीस सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे त्याच्या टोकाला हवा बेचाळीस किलोंचा जोर. धडधाकट माणसानं हातानं नेटानं ओढला तर तो बरोबर तिथपर्यंत पोचतो. आता समितीतले ते निवृत्त काका घ्या. वजन ८० किलो. ते दांड्याच्या टोकावर नुसते उभे राहिले, तरी आकडा जातो १९६ वर. उडी मारल्यावर किती होतो हे मोजायला कुणी थांबत नाही, काकांचा तोल सावरण्यात सगळे गुंतलेले असतात. आणि मीटरभर पाइप लावून दोघांनी मिळून चाळीस किलोंचा हिसका दिला, की झाला ३९२. चौपटीला वीस कमी, एवढाच फरक उरतो, आणि तोही अर्ध्या पिळात भरून निघतो.

"सैल राहण्यापेक्षा जास्त घट्ट बरं," हा यावर आपला ठरलेला बचाव. बचाव ऐकायला बिनतोड वाटतो, कारण नट म्हणजे दाराची कडी आहे असं आपण धरून चालतो: लावली की लागली. प्रत्यक्षात चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेला, आटे पाडलेला जो पोलादी खुंटा असतो, ज्याला आपण स्टड म्हणतो, तो एक स्प्रिंग आहे. दिसत नाही तसा, पण आहे. नट आवळत गेलं की स्टड ताणला जातो. किती? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तेवढं ताणलं गेल्यावर त्याला मूळ लांबीवर परत यायचं असतं आणि नट येऊ देत नाही. त्या ओढाताणीत चाक हबवर दाबलं जातं. १०३ च्या आकड्याला बारा मिलिमीटर जाडीच्या एका स्टडमध्ये चार टनांहून जास्त ओढ तयार होते. चार नटांची मिळून सोळा टनांच्या वर. गाडीचं वजन टनभर, आणि तिचं एक चाक धरून ठेवायला सोळा टन!

हा जोर गाडी उचलून धरायला नसतो. नट गाडीचं वजन पेलतच नाहीत. चाकाची आणि हबची पाठ एकमेकींवर इतकी गच्च दाबली जाते, की त्यांच्यातलं घर्षणच सगळा भार घेतं. म्हणून त्या दोन पाठींच्या मध्ये गंज, चिखल किंवा रंगाचे पोपडे राहिले, तर नट कितीही पिळा, आज दाबलेलं ते उद्या खाली बसतं आणि ओढ कमी होते. चाक बसवण्याआधी हबची पाठ तारेच्या ब्रशनं पुसून घ्यावी, असं म्हणतात ते त्यासाठी. आपल्याकडे नवीन गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात, पुढे नारळ फोडतात. हबची पाठ पुसण्याचा विधी मात्र कुठल्याच पंचांगात नाही.

स्प्रिंगचा दुसरा भाग म्हणजे तिची हद्द. तेवढी ओलांडेपर्यंत स्टड ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. ओलांडली की लांब झाला तो झालाच. नट मात्र घट्टच लागतो, त्यामुळे वरून काही कळत नाही. आवळणाऱ्याला वाटतं, अजून फिरतोय म्हणजे अजून जागा आहे. फिरतोय कारण आतलं पोलाद हार मानतंय, ही शक्यता त्याच्या मनाला शिवत नाही.

आणि पान्याला लावलेला हा जोर स्टडपर्यंत पोचतो तरी किती? इंजिनिअर मंडळींचा ढोबळ हिशेब असा, की शंभरातले पन्नास नटाच्या बुडाशी घासण्यात जातात, चाळीस आट्यांमध्ये घासण्यात जातात आणि स्टड ताणायला उरतात दहा. राजीव गांधींनी १९८५ मध्ये दिल्लीहून निघालेल्या रुपयातले १५ पैसेच गरिबापर्यंत पोचतात असं सांगितलं, तेव्हा देश हळहळला होता. नटाचा कारभार त्याहून वाईट आहे आणि त्याबद्दल कधी कुणी सभात्याग केलेला नाही. कारण इथे गंमत अशी, की आकडा ठरवणाऱ्यानं ही गळती धरूनच अंदाजपत्रक केलेलं असतं. मधल्या मध्ये नव्वद जाणार, हे त्याला ठाऊक असतं. आता एखादा सज्जन येतो आणि गंजू नये म्हणून आट्यांना थोडं तेल किंवा ग्रीस लावतो. झालं, मधली गळती थांबली. त्याच १०३ मध्ये स्टडपर्यंत दहाऐवजी तेरा-चौदा पोचायला लागले, आणि तेवढी मदत झेपेना म्हणून लाभार्थी तुटला. म्हणून बहुतेक गाड्यांचे कारखाने आटे कोरडे ठेवायला सांगतात. भ्रष्टाचार अचानक थांबवला तर काय होईल, याचा छोट्या प्रमाणावरचा प्रयोग कुणाला बघायचा असेल, तर तो इथे उपलब्ध आहे.

आता क्रम. चार नट असतील तर एक आवळला की त्याच्या समोरचा, मग उरलेल्या दोघांतला एक, मग त्याच्या समोरचा. पाच असतील तर एक सोडून एक, म्हणजे कागदावर न उचलता चांदणी काढतात तसं. आधी सगळे नट बोटांनी काही फेरे फिरवून घ्यायचे, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. मग पान्यानं बेतानं. आणि गाडी जॅकवरून उतरली, चाक जमिनीला टेकलं, की शेवटचा जोर. हे सगळं कशासाठी, तर चाक हबवर सपाट बसावं, एका अंगानं कलू नये. पण आपल्या हाताला एकच क्रम ठाऊक आहे, तो प्रदक्षिणेचा. उजवीकडून सुरुवात करायची आणि गोल फिरत यायचं. पहिल्याच नटाला सगळी ताकद, कारण तेव्हा अंगात असते. शेवटच्या नटापर्यंत दम लागलेला असतो, समितीतल्या कुणाशी तरी ओळख निघालेली असते, आणि तो नट बोलता बोलता आवळला जातो. गाडी मग तीन नट भक्तीवर आणि एक गप्पांवर धावते.

जास्त आवळण्याची शिक्षा आवळणाऱ्याला मिळाली असती, तर हा प्रश्न केव्हाच सुटला असता. पण ती मिळते दुसऱ्यालाच. जून संपत आलाय, रात्रीचे साडेदहा, कशेडी घाट, पाऊस असा की वायपर नुसते हात हलवतायत. एका सद्गृहस्थाचं मागचं चाक बसलंय. गाडीत बायको, दोन मुलं, सासूबाई आणि गावी न्यायची फणसाची रोपं. डिकीतलं सगळं सामान रस्त्यावर काढल्यावर तळाशी स्टेपनी सापडते आणि तिच्याखाली तो पंचवीस सेंटिमीटरचा पाना, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. गृहस्थ पाना लावतात, ओढतात. नट हलत नाही. पाय देतात. हलत नाही. उभे राहतात, पाना निसटतो, पोटरीला लागतो. सासूबाई काच खाली करून विचारतात, "जावईबापू, उलटा तर फिरवत नाही ना तुम्ही?" सहा महिन्यांपूर्वी शहरातल्या कुठल्याशा दुकानात दोन पोरांनी पाइप लावून तो नट बसवलेला असतो. ती पोरं आता या क्षणी आपापल्या घरी शांत झोपलेली असतात. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला नटाच्या कडा झिजून तो गोल होतो आणि मग त्याला चंद्र म्हटलं तरी चालतं, कारण दोन्ही पान्याच्या आवाक्याबाहेर.

हे अर्थात तुलनेनं भाग्यवानांचं. ज्यांचा नट सुटतो पण स्टड घेऊन सुटतो, त्यांची कहाणी वेगळी. आणि ज्यांच्या नटांना वेगवेगळा जोर मिळालाय, त्यांच्या गाडीची ब्रेकची डिस्क किंचित तिरकी बसते, आणि काही हजार किलोमीटर गेल्यावर द्रुतगती मार्गावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. मालक अलाइनमेंट करून घेतो, बॅलन्सिंग करून घेतो, दोन टायर बदलतो. थरथर जात नाही. प्रत्येक वेळी चाकं काढून पुन्हा बसवली जातात, त्याच हातांनी, त्याच गननं.

गनबद्दल बोललं पाहिजे. गल्लोगल्लीच्या टायरच्या दुकानात आता हवेवर चालणारी गन आली आहे. तिला कॉम्प्रेसरची नळी जोडलेली असते आणि तिचा आवाज ऐकला की आपण पैसे योग्य ठिकाणी देतोय असं वाटतं. घुर्र, खडखडखड, झालं. चार नट दहा सेकंदांत. गनवर जोर कमी-जास्त करायची सोय असते, पण ती मी कायम शेवटच्या खुणेवरच पाहिली आहे; अधल्या-मधल्या खुणांवरचा रंगही तसाच कोरा. नट बोटांनी चढवायची पायरी गननं रद्द केली. क्रमाची पायरी गननं रद्द केली. पोराला विचारलं, "किती टाइट केलंस रे?" तर तो गन वर उचलून दाखवतो. हा आकडा.

आणि हे सगळं चाललेलं असतं तेव्हा, त्याच दुकानाच्या फळीवर, एका लाल किंवा निळ्या लांबट पेटीत टॉर्क पाना झोपलेला असतो. मुठीजवळ आकडे कोरलेला लांब दांडा. मूठ फिरवून १०३ लावायचे, पाना नटाला लावून सावकाश ओढायचा, आकडा गाठला की हाताला एक खटका जाणवतो आणि 'कट्' असा आवाज येतो. बस्स. जोर मोजून आवळायच्या या पान्याचं श्रेय कॉनरॅड बाहर नावाच्या गृहस्थाला देतात. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात ते कामाला होते. जमिनीखालच्या मोठ्या पाइपांचे बोल्ट कामगार वाटेल तसे पिळतात आणि सांधे बिघडतात, म्हणून १९१८ च्या सुमारास त्यांनी ही युक्ती काढली. म्हणजे अर्ध्या पिळाची हौस केवळ आपली नाही. अमेरिकेतही कुणीतरी "आणखी थोडं घेतो" म्हणत होतंच, आणि महापालिकेच्या पाण्याच्या लाइनी तिथेही फुटत होत्या.

हा पाना वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यावा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आपल्याकडे यातलं वर्षातून एकदाचं तंतोतंत पाळलं जातं. दसऱ्याला पेटी खाली उतरते, पान्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि पेटी परत फळीवर जाते. पाच हजारांची वेळ यायला हरकत नाही, पण त्याला अजून काही पिढ्या जातील.

ज्यांच्याकडे तो वापरतात, त्यांच्याकडे वेगळीच अडचण. 'कट्' हा आवाज आपल्या माणसाला पुरत नाही. गाड्यांच्या वेडापायी काही हजार रुपये घालून स्वतःचा टॉर्क पाना घेतलेले लोक मी बघितलेत. आकडा लावतात, पुस्तिका उघडी ठेवतात, नाकावर चष्मा, सगळं शास्त्रशुद्ध. पाना ओढतात. कट्. मग इकडे तिकडे बघतात आणि पुन्हा ओढतात. कट्. आणि मग खात्री म्हणून पुन्हा. वास्तविक पहिल्या खटक्यानंतरची प्रत्येक ओढ नटाला आणखी थोडं पुढे नेत असते. म्हणजे मोजून आवळायचं यंत्र हातात असतानाही अर्धा पीळ घेतला जातोच, फक्त तो आता तीन हप्त्यांत घेतला जातो. यातला एक हौशी गृहस्थ तर हाच महागाचा पाना नट सोडवायलाही वापरतो. सोनाराच्या तराजूवर कांदे जोखावेत तसं ते आहे, पण त्याला सांगणार कोण? तो आमच्या सोसायटीचा सचिव आहे.

जगात हे काम सगळ्यांत वेगानं होतं ते फॉर्म्युला वनच्या शर्यतीत. तिथे चाकाला एकच नट, मधोमध. वीस माणसं गाडीवर तुटून पडतात. २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या चमूनं लँडो नॉरिसच्या गाडीची चारही चाकं १.८ सेकंदात बदलली. आपल्याकडे तेवढ्या वेळात समितीतला पहिला माणूस "काय, पंक्चर का?" एवढंच म्हणून होतो. पण तिथेही नट आपलं खरं दाखवतो. २०१८ मध्ये मेलबर्नला हासच्या दोन गाड्या चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर पळत होत्या. दोन्ही चाकं बदलायला आल्या आणि दोन्हींचा एकेक नट नीट बसला नाही. दोन्ही गाड्या थोड्याच अंतरावर थांबल्या. २०२१ मध्ये मोनॅकोला याच्या उलट. बोटासच्या मर्सिडीजचा पुढचा उजवा नट सोडवताना गन तिरकी लागली, कडा तासल्या गेल्या आणि नट निघेना. दुसऱ्या क्रमांकावरचा हा शर्यतपटू उभ्या-उभ्या शर्यतीबाहेर. रविवारी अडकलेला तो नट मंगळवारी इंग्लंडमधल्या कारखान्यात नेल्यावर निघाला. कशेडी घाटातल्या सद्गृहस्थांना हे कुणीतरी कळवायला हवं. त्यांची सोय सोमवारी सकाळीच झाली होती.

नट सैल का होतो, याचा छडा लावायला मात्र बराच वेळ गेला. पूर्वी समजूत अशी, की चाक ज्या दिशेनं फिरतं तिचा नटावर परिणाम होतो. म्हणून क्रायस्लर कंपनी १९७० च्या आसपासपर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे देत असे, म्हणजे गाडी पुढे चालताना नट आवळलाच जावा. क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडल्या जायच्या, त्यामुळे जुन्या ड्रायव्हर मंडळींना उलटे आटे हा प्रकार नवा नाही. ज्यांना माहीत नव्हतं, ते डावं चाक सोडवायला नेहमीच्या दिशेला जोर लावायचे, मग पाय द्यायचे, मग पाइप लावायचे, आणि प्रत्येक पायरीला चाक सुटण्याऐवजी जास्त आवळलं जायचं. स्टड तुटेपर्यंत. सासूबाईंचा प्रश्न एरवी कितीही झोंबला, तरी डॉजच्या बाबतीत तो रास्त ठरला असता.

पुढे १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं दाखवून दिलं, की नट सैल होतो तो आडव्या हादऱ्यांनी. दाबून धरलेले दोन भाग एकमेकांवर किंचित जरी सरकले, की प्रत्येक सरकण्यागणिक नट केसभर मागे फिरतो. दाब पुरेसा असेल तर सरकणं नाही, आणि सरकणं नाही तर सुटणंही नाही. हे सिद्ध करायला युंकरनं बोल्ट बसवलेल्या पट्ट्या आडव्या हलवणारं खास यंत्र बनवलं. बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. रुंदीकरण २०११ पासून चालू असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर त्या पट्ट्या डिकीत टाकून त्याला फिरवलं असतं, तर यंत्राचा खर्च वाचला असता आणि प्रयोग पेण येईपर्यंत संपला असता.

राहिला शेवटचा नियम, आणि आपल्याकडे कुणीही न पाळलेला. चाक काढून बसवलं, की ८० ते १६० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा टॉर्क पान्यानं तपासायचे. तेवढ्या प्रवासात रंगाचा थर, धूळ, बारीकसारीक गंज दबून बसतो आणि ओढ उतरते. कॅनडातली आपली मराठी मंडळी हे करतात. हौसेनं नाही. तिथे बर्फाचे टायर नोव्हेंबरात चढतात आणि एप्रिलात उतरतात, त्यामुळे वर्षातून दोनदा सगळ्या गावाची चाकं निघतात. शिवाय ऑन्टारियोत ट्रकची चाकं निखळून माणसं दगावायला लागली, तेव्हा १९९७ मध्ये कायदा झाला: व्यावसायिक वाहनाचं चाक रस्त्यावर निखळलं तर सबब चालणार नाही, दंड ५० हजार डॉलरपर्यंत. तेव्हापासून बिलावरच छापून येतं, की शंभर किलोमीटरनंतर परत या. मिसिसागाचा भाचा निमूटपणे परत जातो, नट तपासून घेतो, पैसे पडत नाहीत.

इथे पुण्यात चाक बसवलं तर शंभर किलोमीटर म्हणजे साताऱ्याच्या अलीकडे कुठेतरी. साताऱ्याला थांबतात सगळे, पण ते कंदी पेढ्यांसाठी. तिथे कुणी डिकीतून पाना काढून चाकापाशी बसलं, तर घरचेच विचारतात, "का रे, गॅरेजवाल्यावर विश्वास नाही का तुझा?" आपल्याकडे तपासणं म्हणजे संशय घेणं. नट राहिला बाजूला, माणुसकीचाच प्रश्न येतो.

म्हणून कुणी शहाणपणा करून त्याच दुकानात परत गेलं, तर संवाद साधारण असा होतो.

"दादा, परवा चाकं बसवली होती, नट तपासायचे होते."

"का हो साहेब, सैल लागला का एखादा?"

"नाही, सैल नाही."

"मग आवाज येतोय?"

"आवाजही नाही. शंभर किलोमीटर झाले, म्हणून तपासायचे."

"सैल नाही, आवाज नाही." दादा हातातला चहा खाली ठेवतो. "मग तपासायचं काय?"

"सैल झालेत का ते."

"झाले की या ना साहेब, लगेच आवळून देतो."

तरीही गिऱ्हाईक हलत नाही, असं बघितल्यावर तो पोराला हाक मारतो. पोरगा गन घेऊन येतो आणि गाडीभोवती प्रदक्षिणेच्या क्रमानं फिरत सोळाही नटांना एकेकदा घुर्र करतो. त्याचे पैसे दादा घेत नाही.